चार थाऊ कमी

कागदाची गिरणी बंद पडली त्या दिवशी
तीन नंबरचं मशीन थंड व्हायला एकोणीस तास लागले.
मी मोजले. दुसरं काही करायला नव्हतं.

आता बावन्नाव्या वर्षी, नदीपलीकडच्या टेक्निकल कॉलेजात,
संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ,
प्लास्टिकचा चष्मा लावून मी बसतो
माझ्या मुलीहून लहान पोरांत.
हजेरीपटावर लाइल प्रॉक्नो, आणि पुढच्या रकान्यात: पुनर्प्रशिक्षण.
दुरुस्तीला आलेल्या पंपावर चिठ्ठी बांधतात, तसं.

शिकवते काब्लिया शाँग. वय एकोणतीस.
तिचे आजोबा लाओसच्या डोंगरातून विस्कॉन्सिनच्या बर्फात आले
आणि माझ्याच पाळीत अकरा वर्षं रिळं गुंडाळत होते.
त्यांचं पूर्ण नाव मी कधी विचारलं नाही.
हे तिला ठाऊक आहे की नाही, मला ठाऊक नाही.
पहिल्या दिवशी तिनं माझ्या हातात मायक्रोमीटर ठेवला.
म्हणाली, आवळू नका.
टेकला की तोच सांगतो.

गिरणीत आम्ही बोटांनी बोलायचो.
दोन सूत सरकव. अंमळ ढिला सोड. बास.
इथे अंमळ चालत नाही.
इथे इंचाचे हजार तुकडे करतात, त्यातल्या एकाला थाऊ म्हणतात,
आणि ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं: अर्धा थाऊ इकडे, अर्धा तिकडे,
त्यापलीकडे भंगार.
शनिवारी मायक्रोमीटर घरी आणला.
माझ्या दाढीचा केस पाच थाऊ.
डार्लीनचा, उशीवर सापडलेला, अडीच.
तीस वर्षं शेजारी झोपतोय.

फेब्रुवारीत, बाहेर उणे बावीस असताना,
मी एक टिंब विसरलो.
टूल इंचभर वर उचलायचं होतं.
आकड्यापुढे टिंब नसलं की हे जुनं मशीन
एकला एक समजत नाही, जवळजवळ शून्य समजतं.
टूल जागचं हललं न हललं
आणि तसंच, भरधाव, आडवं शेगड्यात घुसलं.
असला आवाज मी गिरणीतही ऐकला नव्हता.
शेजारचा डेव्हिन हसला नाही. ते जास्त लागलं.
काब्लियानं तुकडा उचलला,
टेबलावरच्या मोडक्या टूलांच्या बरणीपाशी नेला, थांबली.
ही माझी बरणी आहे, म्हणाली.
तुमची वेगळी आणा.

मार्चमध्ये मला वाटलं, आता माझे दिवस आले.
दोन नंबरच्या मशीनचं बेअरिंग घरघरत होतं.
एकतीस वर्षांचा कान आहे हा, खोटं बोलत नाही.
हात वर केला, सगळं थांबवलं.
तिनं सेन्सर लावला, स्पिंडल हातानं फिरवलं, पुन्हा ऐकलं.
बेअरिंग ठणठणीत होतं.
कूलंटच्या पंपात कुणाच्या तरी हातमोज्याची चिंधी अडकली होती.
मी खाली बघत होतो.
वहीत लिहा, ती म्हणाली.
काय लिहू? चुकलो?
नाही. काय ऐकलंत ते, आणि किती वाजता.

एप्रिलात माझं पहिलं बुश.
पोलादाची कडी, आतून आरसा,
मी ती अंगठ्यावर फिरवली आणि मला लाज वाटली, इतकी ती आवडली.
गेज आत गेला नाही.
आतलं भोक चार थाऊ कमी.
तिनं निळ्या पेननं फुली मारली
आणि म्हणाली, ठेवा. भंगाराचे पैसे येत नाहीत तेवढ्याचे.

दुसरं बरोबर आलं. ते कॉलेजनं ठेवून घेतलं.

चुकलेलं स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे.
परवा परीक्षेचा निकाल उघडायच्या आधी
डार्लीननं त्यावर उकडलेलं अंडं उभं केलं,
वाकून, एक डोळा मिटून पाहिलं
आणि म्हणाली,
मापात आहे.